नांदायला पाठवलेली सांडशी

आमच्या आत्याला माणसं चेहऱ्यानं आठवत नाहीत, कुकरानं आठवतात. रस्त्यात कुणी बाईनं हसून "ओळखलंत का?" विचारलं की ती गोंधळते. मग समोरची म्हणते, "ते नाही का, झाकण वाकडं झालेलं!" की लगेच आत्याचा चेहरा खुलतो. "अगं हो! मोठा कुकर, जळका दांडा. कशी आहेस?" हे 'कशी आहेस' बाईला विचारलेलं असतं की कुकरला, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक रुंद खिडकी, खिडकीला लागून जाड लाकडी टेबल, टेबलाच्या कडेला वस्तू घट्ट धरून ठेवणारा लोखंडी वाइस, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेल्या रबरी रिंगा, लहानापासून मोठ्यापर्यंत. हे टेबल आजोबांचं. ते गेले तेव्हा त्यावर बसायला दुसरं कुणी नव्हतं. माझे बाबा शाळेत होते आणि धाकटे काका तर अजून नाक पुसायलाही तिलाच हाक मारायचे. आत्या बसली ती बसलीच. लग्न का केलं नाहीत, असं माझ्या आईनं तिला एकदा धीर करून विचारलं होतं. आत्या म्हणाली, "दोन पोरं आयती मिळाली होती. वर नवरा कशाला, उगाच पसारा?"

तर हिच्याकडे येणाऱ्या निम्म्या कुकरांना काहीच झालेलं नसतं. दांड्याचा स्क्रू सैल असतो, बास. आत्या तो एका हिसक्यात पिळते आणि वर त्या बाईलाही पिळते.

"एवढ्यासाठी कुकर काखेत मारून आलीस? घरात पेचकस नाही?"

"आहे ना. ह्यांनी ठेवलाय."

"मग?"

"ह्यांनी ठेवलाय म्हटलं ना."

यावर खिडकीबाहेर उभ्या सगळ्या जणी हसतात, कारण प्रत्येकीच्या घरात कुणीतरी काहीतरी असंच जपून ठेवलेलं असतं.

या वैतागातूनच आत्याच्या डोक्यात ते शिरलं. ती येईल त्या बाईला विचारायला लागली, घरातली सटरफटर कामं कशानं करता? बरणीचं झाकण कशानं उघडता? दारात चेमटून. स्क्रू? सुरीच्या टोकानं. खिळा? बत्त्यानं. एकीनं सांगितलं, "मी आपली शेजारच्यांना हाक मारते." त्यावर बाकीच्यांनी "कुठल्या शेजारच्यांना गं?" असं विचारून विचारून तिला खिडकी सोडायला लावली.

मग आत्यानं एक साधा हिशेब मांडला. घरातलं प्रत्येक अवजार हरवतं. एकच हरवत नाही, गरम भांडं उतरवायची सांडशी. ती सदा शेगडीजवळच्या खिळ्यावर असते, कारण घरातल्या पुरुषांना ती कधी लागतच नाही. तेव्हा जे काय करायचं ते सांडशीतच करायचं.

हे ऐकून आम्ही सगळे हसलो होतो. ती मात्र कामाला लागली. आधी पुठ्ठ्याची केली, मग लाकडाची, मग जुन्या सांडश्या तापवून, ठोकून, कानशीनं घासून. एका दांड्याचं टोक चपटं केलं, तो झाला पेचकस. दुसऱ्याचं टोक दुभंगलं, त्यानं खिळा उपटता यायचा. जबड्याला आतून दाते काढले, म्हणजे झाकण निसटू नये. दोन दांडे जिथे जुळतात तिथे बाहेरून जाड चकती बसवली, ती हातोडी. पहिल्या सांडशीनं खिळा ठोकायला गेलो मी. खिळा गेला की नाही आठवत नाही. ठोक्यासरशी जबडा उघडला आणि मिटताना माझ्या तळहाताचा चावा घेतला, एवढं आठवतं. मी ओरडलो. आत्या आनंदानं म्हणाली, "बघ! हे मला बसून कळलं नसतं."

मग तिनं दांडे मिटून ठेवायला एक कडी बसवली आणि ठरवलं की वस्तू घरोघर फिरायला हवी. ती सांडशी एकेकीच्या घरी काही दिवस राहायला जाऊ लागली. बायका म्हणू लागल्या, "या खेपेला आमच्याकडे नांदू दे." त्यातूनच तिचं नाव पडलं सून. घरातलं सगळं करते, एका खिळ्यावर राहते आणि उलटून बोलत नाही. गल्लीतल्या शिंपीणबाईंना दोन सुना होत्या. त्या म्हणाल्या, "असली कुठे घडवून मिळते हे आधी नाही का सांगायचं?"

नांदवण्याचा एक नियम होता, आणि तो आत्या फार कडकपणे पाळायची. सून परत आणताना तक्रार आणायची. कुणी नुसतंच "छान आहे हो" म्हणून पुढे केली, की आत्या हात मागे घ्यायची. "तोंडदेखलं नको. घेऊन जा, चार दिवस भांड तिच्याशी आणि मग ये." त्यामुळे बायका तक्रारी जमवून आणायच्या. कडी बोटात अडकते. दाते झाकणावर ओरखडे काढतात. नळाच्या मागे पोचत नाही, लांब हवी. प्रत्येक तक्रारीनंतर आत्या कानस घेऊन बसायची आणि पुढची सून आधीच्यापेक्षा शहाणी निघायची. त्या दिवसांत तिला कुकरवाल्या बायकांचे चेहरेसुद्धा आठवायला लागले होते.

आता आमचे धाकटे काका. दिसायला देखणे, बोलायला त्याहून. लहानपणी त्यांनी काच फोडली तर शेजारी उलट त्यांनाच खाऊ द्यायचे, असं बाबा सांगतात, आणि सांगताना अजून त्यांचा चेहरा पडतो. काका भांड्यांच्या एका मोठ्या कारखान्यात साचे करणाऱ्या विभागात होते. ती नोकरी मिळावी म्हणून आत्यानं कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्या ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. काकांनाही.

सून बऱ्यापैकी मार्गी लागली तेव्हा आत्यानं ती काकांच्या हातात ठेवली.

"धाकट्या, साहेबांना दाखव तुझ्या. म्हणावं, माझ्या ताईनं केलीय."

काकांनी उलटीपालटी करून पाहिली. दांडे उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "ताई, डोकं भारी आहे तुझं. पण अजून कच्ची वाटते. आत्ता नेली तर हसतील. आणि तुला कुणी हसलेलं मला खपणार नाही."

हे शेवटचं वाक्य आत्यानं नंतर प्रत्येक कुकराला ऐकवलं.

"तोवर असं कर," काका म्हणाले, "आमच्याकडे नांदू दे की थोडे दिवस."

आत्यानं दिली. का नाही देणार? परक्यांच्या घरी जात होती, ही तर सख्ख्या भावाच्या घरी चालली होती.

काकांनी ती परत आणली तेव्हा अगदी लखलखीत होती. दात्यांच्या खाचांत तेवढी पांढरी पूड राहिली होती. आत्यानं ती जुन्या दातांच्या ब्रशनं झाडली आणि कौतुकानं म्हणाली, "तुझ्या बायकोनं दंतमंजनानं घासलेली दिसतेय." माझी आई तिथेच होती. ती हळूच म्हणाली, "वन्सं, जाऊबाईंनी स्वतःचे डबे कधी घासलेले मी पाहिले नाहीत." पण आईचं आणि काकूचं पहिल्यापासून विळ्याभोपळ्याचं, म्हणून ते कुणी मनावर घेतलं नाही.

"तक्रार?" आत्यानं विचारलं.

"छे गं. एकदम झकास."

एवढ्या घरांत नांदलेली सून पहिल्यांदाच बिनतक्रारीची परत आली होती. दुसऱ्या कुणाला आत्यानं दारातूनच परतवलं असतं. काकांना तिनं चहा केला. "त्याला काय कळतंय घरकामातलं," म्हणाली आणि हसली.

नंतर काका साच्यांच्या विभागाचे प्रमुख झाले. मिठाईचा खोका घेऊन आले, आत्याच्या पाया पडले. खिडकीतून तो खोका इतका फिरला की आमच्या हाती फक्त झाकण आलं. "धाकटा साहेब झाला," हे आत्या सांगायची तेव्हा हातातला कुकरही थोडा ताठ बसल्यासारखा वाटायचा.

आणि मग एका दुपारी समोरच्या इमारतीतली नवी भाडेकरीण आली. मी आत पेपर वाचत लोळत होतो. तिच्याकडे कुकर नव्हता. तिनं पिशवीतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. "बाई, हे जोडून मिळेल का? नवीनच आहे. हातात काही नीट बसत नाही, अंगठा सारखा घसरतो. आणि काल टोकच मोडलं."

खिडकीबाहेरची बडबड बंद झाली म्हणून मी मान वर केली.

दांड्यांना नारिंगी प्लास्टिक चढवलेलं होतं. बाकी सगळं तेच. पेचकस, दुभंगलेलं टोक, दाते, चकती, कडी.

"अगं बाई," शिंपीणबाई म्हणाल्या, "ही तर आपली सून."

"पळून जाऊन लग्न केलेलं दिसतंय," मागून कुणीतरी म्हणालं. एरवी यावर हशा पिकला असता. कुणी हसलं नाही.

आत्यानं ती उचलली आणि मूठ मिटली. तिचा अंगठा दांड्यावरच्या खाचेत अलगद जाऊन बसला.

इथे थोडं सांगायला हवं. आत्याचा उजवा अंगठा तरुणपणी वाइसमध्ये सापडला होता. तो सांधला, पण बाहेरच्या बाजूला कललेला राहिला. काकांकडे दिलेल्या सुनेवर तिनं पहिल्यांदाच अंगठ्यासाठी खाच काढली होती, आणि कानस चालवताना आपल्या हाताला सोयीची पडेल अशी, एका अंगाला काढली होती. चार घरं नांदून आली असती तर पहिल्याच घरातून तक्रार आली असती आणि खाच मधे सरकली असती. पण नांदली ती फक्त काकांकडे; परत आल्यावर, साहेबांना दाखवायची म्हणून आत्यानं ती जपून ठेवली होती. ती खाच जगात एकाच अंगठ्यासाठी होती, आणि आता दुकानादुकानातून मिळत होती.

"जोडता येईल ना?" भाडेकरणीनं विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "ही ओतीव आहे. साच्यातली. मोडली की मोडली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती पूड दंतमंजनाची नव्हती रे. साच्याचं प्लास्टर होतं."

त्या दिवशी तिनं खिडकी लवकर लावली.

शिंपीणबाईंनी पोलिसांत जायला सांगितलं. कुणी म्हणालं कारखान्यावर मोर्चा नेऊ, कुकर वाजवत. आत्याला यातलं काही नको होतं. "मला त्याच्याकडून काही नको," ती म्हणाली. "त्यानं इथे येऊन, या खिडकीत उभं राहून, तुम्हा सगळ्यांच्या देखत म्हणावं, ही ताईची. एवढंच. मग घेऊन जाऊ दे कुठं न्यायची तिथं."

तिनं काकांना निरोप धाडले. काका कामात होते. पुन्हा धाडले. काका बाहेरगावी होते. बाहेरगावी असलेले काका मला बाजारात दिसले, आणि मला पाहून इतक्या मन लावून बटाटे निवडायला लागले की मलाच दया आली.

शेवटी आत्या आमच्या घरी आली. बाबा चहा पीत होते.

"मधल्या, तू बोल त्याच्याशी. तुझं ऐकेल."

बाबांनी कपात पाहिलं. "ताई, घरातलीच गोष्ट आहे. कशाला वाढवायची? भावाचं भलं झालं असं समज."

"वाढवत नाहीये मी. तू नुसतं..." आत्या थांबली. बाबांकडे बघत राहिली. बाबा अजून कपातच बघत होते. चहा कधीच संपला होता.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"तो म्हणाला होता, योग्य वेळी तुला सांगेन."

"कधीपासून माहीत होतं?"

बाबांनी रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. आत ओट्यावर आईनं पातेलं आपटलं. आमच्या घरात आई पातेलं आपटते तो निकाल असतो, त्यावर अपील नसतं. पण त्या दिवशी निकालानं कुणाचंच भलं होणार नव्हतं. आत्या उठली आणि चपला घालताना एवढंच म्हणाली, "एक सोडून दोन भाऊ होते मला."

काका आले, पण बोलावल्यामुळे नाही आले. रविवारी सकाळी हातात फळांची पिशवी घेऊन उगवले. मी तिथे रिंगा आकाराप्रमाणे लावून देत होतो. खिडकी अर्धी उघडी होती.

"रागावलीस ताई?"

"बस."

काका बसले. फळं टेबलावर ठेवली, मग उचलून खाली ठेवली, मग पुन्हा वर. "तुझी तब्येत उतरलीय."

"कामाचं बोल."

"अगं, ती खाच... दांड्यावरची. ती तिथंच का काढली होतीस?"

"कुठली?"

"आपल्या सांडशीची गं."

"आपल्या?"

"म्हणजे कारखान्याच्या."

"कारखान्याची असेल तर कारखान्याला विचार."

काकांनी कपाळ पुसलं. हळूहळू सगळं बाहेर आलं. दुकानदार माल परत करत होते. अंगठा बसत नाही, ही एकच तक्रार सगळीकडून. साहेबांनी विचारलं होतं की बाबा रे, ही खाच अशी कडेला काढण्यामागे तुझा विचार काय? आणि काकांकडे विचारच नव्हता.

"मी काय सांगू त्यांना?"

"खरं सांग. म्हणावं ताईची आहे, ताईला विचारून येतो."

"आता कसं सांगू? सगळं माझ्या नावावर झालंय. उलटं बोललो तर मला घालवतील." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आणि खरं सांगू का, तुझं नाव घेतलं असतं तर त्यांनी हातसुद्धा लावला नसता. खिडकीत बसून कुकर दुरुस्त करणाऱ्या बाईची वस्तू कोण घेतं?"

"तू घ्यायचं होतंस," आत्या म्हणाली. "नाव."

खिडकीबाहेर सावल्या जमल्या होत्या, काकांची पाठ तिकडे होती. आत्यानं एकदा बाहेर पाहिलं. मला वाटलं आता ती पुन्हा सांगेल, वळ आणि बोल. त्याऐवजी तिनं टेबल हातानं पुसलं आणि आपला उजवा पंजा काकांसमोर पालथा ठेवला.

"बघ."

काकांनी पाहिलं. "काय बघू?"

"नीट बघ."

याच हाताला धरून ते शाळेत गेले होते. याच हातानं त्यांना भरवलं होतं, बडवलंही होतं. काका वाकून वाकून पाहत होते आणि त्यांना बोटं दिसत होती, नखांतला काळा मळ दिसत होता. अंगठा दिसत नव्हता. माझ्या ओठांवर आलं होतं. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी ते गिळलं.

"ताई, कोड्यात बोलू नकोस. हात काय दाखवतेस, तोंडानं सांग."

आत्यानं हात उचलून घेतला. "नाही दिसलं ना? मग जा."

काका ताडकन उठले. "माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही असं कधी वाटलं नव्हतं," म्हणाले आणि बाहेर पडताना जमलेल्या बायकांना नेहमीचं ते गोड हसले. हसू कुणी परत केलं नाही. फळं तशीच राहिली होती. आत्यानं ती खिडकीतून वाटून टाकली. "घ्या, धाकट्यानं आणलीत," म्हणाली. तोंडात बसलेलं नाव एकदम थोडंच जातं?

काकांचं पुढे काय झालं, असं कुणी विचारलं तर मला जरा ओशाळंच वाटतं, कारण काहीच झालं नाही. कारखान्यानं कुणा जाणकाराला बोलावलं, त्यानं खाच मधे घ्यायला सांगितली, नारिंगी सांडशी सगळ्यांच्या मुठीत बसू लागली आणि जोरात खपते. काका आहेत तिथेच आहेत, उलट थोडे वर. कारखान्याच्या वर्धापनदिनी त्यांचा सत्कार झाला. बाबा गेले होते. आई गेली नाही.

आत्यानं आपली सून पुरी केली. पुढच्या साऱ्या तक्रारी स्वतःच शोधून काढल्या, खाच सरळ केली, टोक मोडू नये म्हणून ते तापवून त्याला चांगलं पाणी दिलं. बाजारातलीपेक्षा ती कितीतरी सरस आहे. हे मी भाचा म्हणून सांगत नाही, बरण्या उघडून सांगतोय. टेबलामागच्या खिळ्यावर ती टांगलेली असते. बायका अजून मागतात, "बाई, आमच्याकडे नांदू द्या की." आत्या म्हणते, "ती आता माहेरीच राहते," आणि कुकराकडे वळते. चेहरे ओळखायचं तिनं पुन्हा सोडलं आहे.

परवा आमच्या एका खुर्चीचा पाय डुगडुगायला लागला. घरातला पेचकस बाबांनी ठेवलेला. मी सरळ आत्याकडे गेलो आणि खिळ्याकडे हात केला.

"खुर्ची इथे आण," ती म्हणाली.

"अगं, पाच मिनिटांत आणून देतो. आत्या, मी आहे!"

"म्हणूनच सांगतेय. खुर्ची इथे आण."

मी खुर्ची डोक्यावर घेऊन गल्लीतून निघालो. शिंपीणबाईंनी "सिंहासन कुठे निघालं?" विचारलं, कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं गिऱ्हाईक सोडून मुजरा केला. मी दोघांनाही साजेसं उत्तर दिलं. खिडकीशी पोहोचलो तेव्हा आत्यानं सून खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली, आणि मी खाली बसून स्क्रू पिळत होतो तोवर ती हात पुढे करून माझ्या शेजारी उभी राहिली.